हॅलोजन रेणूंमधले बंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातली मुलं वर्षभर रसायनशास्त्राचे प्रश्न पाठवत असतात. मोबाईलवर वहीच्या पानाचा फोटो येतो, खाली एक ओळ असते : "सर, हे असं कसं?" हॅलोजनवरचे (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, ॲस्टेटिन या गटावरचे) प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून ते एकदाच नीट लिहून ठेवतोय. यातले निम्म्याहून जास्त गोंधळ एकाच ठिकाणी सुरू होतात. रेणूच्या आत दोन अणूंना बांधणारी गाठ वेगळी आणि एका रेणूला शेजारच्या रेणूची वाटणारी ओढ वेगळी. कोणताही प्रश्न सोडवायला घेतलात की आधी स्वतःला विचारा, इथे नेमकं काय तुटतंय? खालच्या उत्तरांत हे शब्द मी याच अर्थाने वापरलेत : गाठ म्हणजे आतला बंध, ओढ म्हणजे रेणूंमधलं आकर्षण.

१. सहसंयुज बंध आणि कोव्हॅलंट बाँड एकच का? पीयूसीला (अकरावी-बारावीला) आल्यापासून सगळे शब्दच बदललेत.

एकच. तुमच्यापैकी बरेच जण एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी माध्यमात शिकून पीयूसीला इंग्रजीत येतात, आणि पहिले दोन-तीन महिने विषय अवघड वाटतो तो शब्दांमुळे. मी त्यातून गेलोय. लोन पेअर म्हणजे एकाकी जोडी, जी बंधात भाग घेत नाही. बाँड एन्थाल्पी म्हणजे वायुरूपातल्या एक मोल रेणूंचा तो बंध तोडायला लागणारी ऊर्जा. इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी म्हणजे विद्युतऋणता, बंधातली जोडी स्वतःकडे ओढायची अणूची ताकद. वहीच्या शेवटच्या पानावर या जोड्या लिहून ठेवा. उत्तरपत्रिकेत इंग्रजी शब्द लिहा, पण विचार मराठीत केलात तरी काही बिघडत नाही.

२. दोन क्लोरीन अणू एकत्र का येतात? एकटा अणू का राहत नाही?

क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. दोन अणू जवळ आले की प्रत्येक जण एकेक इलेक्ट्रॉन सामायिक करतो आणि त्या जोडीवर दोघांचाही हक्क असतो. सामायिक जोडीची ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली.

"अष्टक पूर्ण होतं म्हणून", म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात म्हणून, एवढं लिहून थांबू नका. अणूला आठ आकड्याची हौस नसते. दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉनांची जोडी आली की दोन्ही केंद्रकं तिला ओढतात, एकूण ऊर्जा कमी होते आणि फरकाची ऊर्जा बाहेर पडते. क्लोरीनच्या बाबतीत एक मोल बंध तयार होताना सुमारे २४३ किलोज्यूल बाहेर पडतात. रेणू टिकतो तो यामुळे. तोच बंध तोडायचा तर तेवढेच २४३ किलोज्यूल परत द्यावे लागतात.

ठिपक्यांची आकृती काढताना मधली जोडी सगळे काढतात आणि बाजूच्या जोड्या विसरतात. प्रत्येक अणूवर तीन, म्हणजे रेणूवर एकूण सहा एकाकी जोड्या असतात. त्या काढाच. प्रश्न ७ चं सगळं उत्तर त्यांच्यावर उभं आहे.

३. ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध, नायट्रोजनमध्ये तिहेरी. मग हॅलोजनमध्ये एकेरीच का?

नायट्रोजनला तीन इलेक्ट्रॉन कमी पडतात, ऑक्सिजनला दोन, हॅलोजनला एकच. उरलेले सहा आधीच जोडीने बसलेले आहेत. रेणुकक्षकांच्या (रेणूत इलेक्ट्रॉन बसायच्या जागांच्या) भाषेत हेच उत्तर हवं असेल तर प्रश्न ११ पाहा.

४. क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन घन. म्हणजे आयोडीनचा बंध सगळ्यात मजबूत असणार ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि चांगले गुण मिळवणारी मुलंसुद्धा इथे चुकतात.

प्रयोगशाळेत एक साधी गोष्ट बघा. कोरड्या परीक्षानळीत आयोडीनचा गहूभर खडा टाका, नळीच्या तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा आणि तळ अगदी मंद तापवा. हे शिक्षकांसमोरच करायचं, वाफ हुंगायची नाही. करड्या-काळ्या खड्यावरून जांभळी वाफ उठते आणि नळीत संथपणे वर चढते. वरची काच गार असते. तिथे पोचली की वाफेचे बारीक चकचकीत स्फटिक होऊन काचेला चिकटतात. आता सांगा, वाफ होताना आयोडीनचे दोन अणू एकमेकांपासून सुटले का? नाही. जांभळ्या वाफेतही आयोडीन दोन-दोन अणूंच्या रेणूंच्याच रूपात आहे. गाठ तशीच राहिली, सुटली ती रेणूंमधली ओढ.

ही ओढ कुठून येते? आयोडीनच्या अणूत ५३ इलेक्ट्रॉन आणि त्यांचा ढग मोठा, सैल. असा ढग सहज हलतो. क्षणभर एका बाजूला झुकला की शेजारच्या रेणूचा ढगही झुकतो आणि दोघांत आकर्षण तयार होतं. याला लंडन बल किंवा डिस्पर्शन बल म्हणतात. फ्लोरीनचे नऊ इलेक्ट्रॉन केंद्रकाने घट्ट धरलेले असतात, ढग हलत नाही, ओढ नगण्य. म्हणून फ्लोरीन उणे १८८ अंशांना उकळतो, क्लोरीन उणे ३४ ला, ब्रोमीन ५९ ला आणि आयोडीन १८४ ला. हा चढता क्रम ओढीचा आहे. गाठीचा क्रम वेगळाच आहे, तो प्रश्न ६ मध्ये.

५. आयोडीन वितळत नाही, घनाचा थेट वायू होतो, हे खरं का?

अर्धं खरं. आयोडीन ११४ अंशांना वितळतो आणि त्याचा गडद द्रव होतो. पण वितळायच्या खूप आधीपासून त्याची भरपूर वाफ होत असते. उघड्यावर मंद तापवलं की डोळ्यांना घनाची थेट वाफ झालेलीच दिसते. त्याला संप्लवन म्हणणं बरोबर आहे, "वितळतच नाही" म्हणणं चूक.

६. बंधाची लांबी आणि ऊर्जा यांचे आकडे एकदा द्या.

| रेणू | बंधाची लांबी (पिकोमीटर) | बंध ऊर्जा (किलोज्यूल प्रति मोल) |
|---|---|---|
| फ्लोरीन | १४२ | १५८ |
| क्लोरीन | १९९ | २४३ |
| ब्रोमीन | २२८ | १९३ |
| आयोडीन | २६७ | १५१ |

पुस्तकागणिक एक-दोन आकड्यांचा फरक पडतो, त्यात अडकू नका. लांबी वरून खाली वाढतच जाते, कारण अणू मोठे होत जातात. ऊर्जा मात्र आधी चढते आणि मग उतरते. सीईटीत (प्रवेश परीक्षेत) ऊर्जेचा उतरता क्रम लावायला आला तर : क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन, आयोडीन.

क्लोरीनपासून खाली उतरण समजायला सोपी आहे. अणू मोठा झाला की सामायिक जोडी केंद्रकांपासून दूर पडते आणि कक्षक एकमेकांवर कमी चढतात. अडतं ते फ्लोरीनपाशी.

७. फ्लोरीनचा बंध सगळ्यात आखूड. आखूड बंध मजबूत असतो, असं शिकलोय. मग फ्लोरीनचा कमजोर कसा?

नियम शिकलात तो बरोबर आहे, पण त्यात "बाकी सगळं सारखं असेल तर" ही अट लपलेली असते. फ्लोरीनमध्ये बाकी सगळं सारखं नाही.

प्रश्न २ मधल्या सहा एकाकी जोड्या आठवा. फ्लोरीनचे अणू इतके लहान आहेत की बंध करताना ते फक्त १४२ पिकोमीटरवर येतात. इकडच्या तीन आणि तिकडच्या तीन जोड्या समोरासमोर येतात, सगळ्या ऋणभारित. मधली जोडी अणूंना जवळ ओढते आणि बाजूच्या जोड्या त्यांना दूर ढकलतात. क्लोरीनमध्येही तेवढ्याच जोड्या आहेत, पण १९९ पिकोमीटरवर त्यांना ऐसपैस जागा मिळते. आठवड्याच्या बाजारादिवशी खानापूरच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर दोघंच बसलेत, पण दोघांच्याही दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या आहेत, असं समजा. माणसं जवळ, पिशव्यांची रेटारेटी.

हा प्रकार एकट्या फ्लोरीनचा नाही, आणि म्हणूनच या कारणावर विश्वास ठेवावासा वाटतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन–ऑक्सिजन एकेरी बंध असाच कमजोर. हायड्रॅझीनमधला नायट्रोजन–नायट्रोजन बंधही तसाच. तिघंही दुसऱ्या आवर्तनातले लहान अणू, तिघांवरही एकाकी जोड्या. एथेनमधल्या कार्बनवर एकाकी जोडी नसते आणि तिथला कार्बन–कार्बन बंध चांगला मजबूत आहे.

८. बंध कमजोर म्हणून फ्लोरीन सर्वांत क्रियाशील, असं लिहिलं तर पूर्ण गुण मिळतील का?

अर्धे मिळावेत. बंध कमजोर असल्याने क्रिया सुरू होणं सोपं जातं, पण आयोडीनचा बंध त्याहून कमजोर आहे आणि आयोडीन तर या चौघांत सगळ्यात मंद. तेव्हा तुटण्याबरोबर नवं काय जुळतं तेही मोजलं पाहिजे.

हायड्रोजनशी होणारी क्रिया घ्या. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ किलोज्यूल प्रति मोल लागतात. पुढचे आकडेही किलोज्यूलमध्येच.

फ्लोरीन : खर्च ४३६ अधिक १५८, म्हणजे ५९४. हायड्रोजन–फ्लोरीनचे दोन बंध जुळतात, प्रत्येकी ५७०, म्हणजे ११४०. हातात उरले ५४६.

क्लोरीन : खर्च ६७९. जमा दोन वेळा ४३२, म्हणजे ८६४. उरले १८५.

आयोडीनची वाफ : खर्च ५८७, फ्लोरीनपेक्षा कमी! पण जमा दोन वेळा २९८, म्हणजे ५९६. उरले फक्त ९.

हा नऊ आकडा मी फळ्यावर मोठा काढतो. जुनी गाठ तोडणं स्वस्त आहे, पण नवी गाठ तितकीच लेचीपेची. म्हणून ही क्रिया उलटही सहज होते आणि रासायनिक समतोल शिकवताना हायड्रोजन–आयोडीनचंच उदाहरण घेतात.

फ्लोरीनची ही ताकद माणसांनी जिवावर बेतून शिकलीय. कित्येक रसायनतज्ज्ञांना तो वेगळा करताना इजा झाली, काहींचा जीव गेला. शेवटी १८८६ साली फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांनी विद्युत अपघटनाने तो मिळवला. १९०६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा होता.

९. इलेक्ट्रॉन आसक्ती क्लोरीनची जास्त, ऑक्सिडीकारक (दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन काढून घेणारा) म्हणून मात्र फ्लोरीन वरचढ. हे जुळत कसं नाही?

जुळतं, फक्त पाण्यातला पूर्ण हिशेब मांडावा लागतो. रेणूपासून पाण्यातल्या आयनापर्यंत तीन पायऱ्या आहेत : अर्धा बंध तोडणं, अणूने इलेक्ट्रॉन घेणं (यात सुटणारी ऊर्जा म्हणजे इलेक्ट्रॉन आसक्ती), आयनाभोवती पाणी जमणं. आकडे किलोज्यूल प्रति मोल.

फ्लोरीन : ७९ खर्च, ३२८ जमा, ५१५ जमा. निव्वळ ७६४ जमा.
क्लोरीन : १२१ खर्च, ३४९ जमा, ३८१ जमा. निव्वळ ६०९ जमा.

मधल्या पायरीवर क्लोरीन २१ ने पुढे आहे. लहानशा फ्लोरीन अणूत आधीच दाटी असल्याने नव्या इलेक्ट्रॉनचं तितकंसं स्वागत होत नाही. कारण प्रश्न ७ मधलंच, दाटी. पण कमजोर बंधामुळे फ्लोरीनचे ४२ वाचतात, आणि लहान आयनाला पाणी घट्ट बिलगतं त्यातून १३४ जास्त मिळतात. सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा. "बंध कमजोर म्हणून" एवढंच लिहिणाऱ्याची ही ओळ राहून जाते.

१०. हॅलोजनना रंग का असतो आणि तो खाली खाली गडद का होतो?

भरलेल्या वरच्या कक्षकातला इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून रिकाम्या, बंधविरोधी कक्षकात उडी घेतो. फ्लोरीनमध्ये ही उडी मोठी असते, मुख्यतः अतिनील प्रकाश लागतो, म्हणून तो फिकट पिवळा. क्लोरीन हिरवट पिवळा, ब्रोमीन तांबूस तपकिरी. आयोडीनमध्ये उडी लहान. त्याची वाफ मधला हिरवा-पिवळा प्रकाश गिळते आणि उरलेला जांभळा आपल्याला दिसतो.

उडी मारून इलेक्ट्रॉन बंधविरोधी जागी बसला की गाठ सैल होते, कधी सुटतेच. क्लोरीनचे २४३ किलोज्यूल म्हणजे ४९२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर हिरव्या प्रकाशाची ऊर्जा. त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश ही गाठ सोडवू शकतो. म्हणूनच हायड्रोजन आणि क्लोरीनचं मिश्रण अंधारात शांत राहतं आणि उन्हात स्फोट होतो.

११. बंधक्रम (दोन अणूंमधल्या बंधांची संख्या) एक कसा येतो? आणि एक इलेक्ट्रॉन काढला तर बंध कमजोर होईल ना?

फ्लोरीनचे दोन्ही अणू मिळून संयुजा इलेक्ट्रॉन १४. आठ बंधकारक कक्षकांत, सहा बंधविरोधी कक्षकांत. आठ वजा सहा, भागिले दोन, बरोबर एक. सगळे जोडीने बसलेले, म्हणून रेणू प्रतिचुंबकीय, म्हणजे चुंबकाकडे न ओढला जाणारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उलट आहे. सगळ्यात वरचे इलेक्ट्रॉन बंधविरोधी आहेत. त्यातला एक काढला की गाठीवरचा ताण कमी होतो, बंधक्रम दीड होतो आणि बंध आखूड होतो. फ्लोरीनमध्ये १४२ वरून सुमारे १३२ पिकोमीटर, क्लोरीनमध्ये १९९ वरून सुमारे १८९. प्रश्न ७ मधली एकाकी जोड्यांची रेटारेटी आणि इथले बंधविरोधी इलेक्ट्रॉन, एकच गोष्ट दोन भाषांत सांगितलीय.

१२. बेळगावात नळाच्या पाण्याला कधी कधी क्लोरीनचा वास येतो. त्या पाण्यात क्लोरीनचे रेणू असतात का?

जवळजवळ नसतात. राकसकोप, हिडकल या धरणांचं पाणी घरी येण्याआधी जंतू मारायला त्यात क्लोरीन मिसळतात. पण क्लोरीन पाण्यात गेला की क्लोरीन–क्लोरीन गाठ सुटते. एक अणू क्लोराइड आयन होतो, दुसरा ऑक्सिजनला जोडून हायपोक्लोरस आम्लात जातो. जंतू मारतं ते हे आम्ल. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू, एकाचं क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणं) आणि दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणं), म्हणून परीक्षेत हे उदाहरण फार आवडीचं. पावसाळ्यात गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात तिचं कामही याच आम्लातून होतं.

१३. आयोडीनने रताळं निळं होतं, पण आयोडीनच्या मिठाने का होत नाही?

हा प्रश्न उचगावकडच्या एका आठवीतल्या मुलीचा. नवरात्राच्या सुमारास घरात रताळ्यांची पोती आली होती, तिने स्वतः करून बघितलं आणि मग विचारलं. असे प्रश्न आले की फार बरं वाटतं.

कच्च्या रताळ्याची चकती कापा, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. तपकिरी थेंब बघता बघता निळा-काळा होतो. स्टार्चमधला अमायलोज स्प्रिंगसारखा वळलेला असतो, त्याच्या पोकळीत आयोडीनच्या अणूंची साखळी जाऊन बसते आणि तो रंग येतो. ती साखळी व्हायला आयोडीनचा रेणू लागतो.

मिठात आयोडीनचा रेणू नसतोच. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. त्यात आयोडीनचा अणू तीन ऑक्सिजन अणूंशी बांधलेला असतो, आयोडीन–आयोडीन गाठ कुठेच नाही. मीठ, पोटॅशियम आयोडाइड आणि थोडं आम्ल एकत्र केलंत तर आयोडेट आणि आयोडाइड यांच्यातून आयोडीनचे रेणू तयार होतात, आणि मग चकती निळी होते. टूथपेस्टमधल्या फ्लोराइडचंही असंच, तिथे फ्लोरीनचा रेणू नसतो. प्रश्न ८ वाचून टूथपेस्टला घाबरलेल्या दोघांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

१४. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र टाकलं तर जास्त स्वच्छ होतं का?

कधीही एकत्र टाकू नका. प्रश्न १२ मधली क्रिया आम्लामुळे उलटी फिरते, सुटलेली क्लोरीन–क्लोरीन गाठ परत जुळते आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो, जीवही जाऊ शकतो. चुकून झालंच तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, आत राहून पाणी ओतत बसू नका. खोकला किंवा दम लागला तर दवाखाना गाठा. हा परिच्छेद घरात आईला, आजीला वाचून दाखवा.

१५. क्लोरीन आणि हायड्रोजन क्लोराइड, दोन्ही सहसंयुज. मग एक ध्रुवीय, दुसरा नाही, असं का?

क्लोरीनमध्ये दोन्हीकडची ओढण्याची ताकद सारखी, जोडी बरोबर मधोमध. हायड्रोजन क्लोराइडमध्ये विद्युतऋणता २.२० आणि ३.१६, जोडी क्लोरीनकडे सरकते. दोन वेगळ्या हॅलोजनांचे रेणूही ध्रुवीय असतात. आयोडीन मोनोक्लोराइडमध्ये आयोडीनचं टोक थोडं धनभारित असतं.

१६. हॅलोजन एकच बंध करतात म्हणता, मग आयोडीन हेप्टाफ्लोराइड कसा होतो?

एकाच मूलद्रव्याच्या साध्या रेणूत एकेरी बंध, एवढंच वर म्हटलंय. आयोडीनचा अणू इतका मोठा आहे की त्याच्याभोवती सात लहान फ्लोरीन अणू मावतात. क्लोरीनभोवती तीन किंवा पाच. या संयुगांत मधे नेहमी मोठा अणू असतो. फ्लोरीन कधीच मधे बसत नाही, त्याच्याभोवती तेवढी जागाच नाही. जुनी पुस्तकं याचं सगळं श्रेय डी-कक्षकांना देतात. आजच्या गणितांत त्यांचा वाटा फार थोडा निघतो. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, पण हे माहीत असू द्या.

१७. आयोडीन पाण्यात विरघळत नाही, पण पोटॅशियम आयोडाइड घातलं की विरघळतो. का?

आयोडीनच्या रेणूला आयोडाइड आयन येऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ट्रायआयोडाइड आयन तयार होतो. आयन असल्याने पाणी त्याला सामावून घेतं. इथे गंमत बंधांची आहे. तिन्ही अणू एका रेषेत, मोकळ्या आयनात दोन्ही बंध सारखे आणि प्रत्येक सुमारे २९२ पिकोमीटर, म्हणजे रेणूतल्या २६७ पेक्षा लांब. चार इलेक्ट्रॉन तीन अणूंना बांधतात, म्हणून प्रत्येक गाठ अर्धवट बसते.

१८. आयोडीन अल्कोहोलमध्ये तपकिरी, हेक्झेनमध्ये जांभळा. रेणू बदलतो का?

रेणू राहतो, त्याचा शेजार बदलतो. हेक्झेन आयोडीनच्या वाटेला जात नाही, म्हणून वाफेसारखाच जांभळा रंग दिसतो. अल्कोहोलमधला ऑक्सिजन आपली एकाकी जोडी आयोडीनच्या टोकाकडे वळवतो आणि ती थोडी बंधविरोधी कक्षकात शिरते. प्रश्न १० मधली उडी त्यामुळे मोठी होते आणि रंग तपकिरीकडे सरकतो. बाजारातल्या टिंक्चरमध्ये आयोडाइडही घातलेलं असतं, त्यामुळे त्याच्या रंगात प्रश्न १७ मधल्या आयनाचाही हात असतो.

१९. ॲस्टेटिनचे आकडे तक्त्यात का नाहीत?

त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिक, ॲस्टेटिन-२१०, सुमारे ८.१ तासांत निम्मा होतो. डोळ्यांना दिसेल एवढा ॲस्टेटिन कुणी गोळा केलेला नाही. पुस्तकात त्याचे आकडे दिसले तर ते गणिताने काढलेले अंदाज समजा.

२०. आयोडीन अधातू आहे, मग त्याचे स्फटिक धातूसारखे का चमकतात?

प्रश्न ४ मध्ये गाठ आणि ओढ यांच्यात मी ठळक रेघ मारली. घन आयोडीनमध्ये ती रेघ पुसट होते.

स्फटिकात एका रेणूतले दोन अणू सुमारे २७२ पिकोमीटरवर असतात, वाफेतल्यापेक्षा जरासे लांब. त्याच थरातल्या शेजारच्या रेणूचा अणू सुमारे ३५० पिकोमीटरवर, आणि वरच्या-खालच्या थरातला सुमारे ४२७ वर. केवळ ओढ असती तर थरातल्या शेजाऱ्यांनीही चारशेच्या आसपास अंतर ठेवलं असतं. ३५० वर येणं म्हणजे एका रेणूचे इलेक्ट्रॉन थोडेफार शेजारच्या रेणूत शिरतायत, आणि त्या देण्याघेण्यात आतली गाठ किंचित सैल झालीय. इलेक्ट्रॉन थरात असे पसरल्यामुळेच तो चकचकीतपणा येतो, आणि थराच्या दिशेने थोडी वीजही वाहते.

आयोडीन प्रचंड दाबाखाली ठेवला की हे आणखी पुढे जातं. शेजारी जवळ सरकतात, गाठ ताणली जाते, आणि सुमारे २१ गिगापास्कलला, म्हणजे वातावरणाच्या दोन लाख पट दाबाला, प्रत्येक अणूपासून जवळचे शेजारी सारख्याच अंतरावर येतात. कोण कुणाचा जोडीदार होता ते तिथे सांगता येत नाही. रेणू संपलेला असतो आणि उरलेला आयोडीन धातू असतो.